शब्बीर मिस्त्रीचा हात

त्या वर्षी आमच्याकडे सकाळी दोन आवाज एकदमच सुरू व्हायचे. स्वयंपाकघरात मम्मी धपाटे थापायची त्याचा एक, आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये शब्बीर मिस्त्री गंजलेल्या बोल्टवर हातोडी मारायचे त्याचा दुसरा. दोन्ही आवाज तसे मऊच. मिस्त्री जोरात कधी मारत नसत. थापटल्यासारखं मारायचे, वरून थोडं डिझेल सोडायचे, बाजूला उकिडवे बसून एक बिडी संपवायचे आणि मग पाना लावायचे. गंजाशी घाई केली की बोल्टची मान मोडते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी खिडकीतून हे बघायची. पहिले आठ-दहा दिवस मी फक्त खिडकीतूनच बघितलं.

मी बारावी करून घरी परत आले होते. पाचवीपासून संभाजीनगरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते, त्यामुळे धारूरचं आमचं घर मला सुट्टीपुरतंच ठाऊक होतं. परीक्षेत मार्क जेमतेम पडले, आणि पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत वर्षभर घरी थांबायचं ठरलं. आल्या-गेल्याला पप्पा सांगायचे, तयारी करतीय. कसली, ते कुणी विचारत नसे आणि पप्पाही सांगत नसत. शाळेत इंग्रजी बोलता बोलता माझं मराठी पुस्तकी होऊन गेलं होतं. घरी ‘आहे’ म्हटलं तरी चुलत बहिणी एकमेकींकडे बघायच्या, आणि इंग्रजी शब्द तोंडून गेला तर टेंभा मिरवते म्हणायच्या. दोन्हीकडून अडचण झाल्यावर मी गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला बरंच दिसतं, हे मात्र तेव्हाच कळलं.

मिस्त्री जिच्यावर हातोडी मारायचे ती जीप पप्पांची. त्यांनी ती तरुणपणी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती, आणि तालुक्यात जितक्या निवडणुका झाल्या तितक्या तिने बघितल्या होत्या. बालाघाटाच्या ज्या वाड्यावस्त्यांना धड रस्ता नव्हता तिथे पप्पा तिच्यातून जायचे. पुढे नव्या गाड्या आल्या, आणि ही शेतातल्या गोठ्यामागे उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. मग एके दिवशी पप्पांच्या मनात आलं की खंडेनवमीला, गाड्यांची आणि हत्यारांची पूजा असते त्या दिवशी, ही जीप दारात चालू उभी पाहिजे. मिस्त्रींचं दुकान बसस्टँडमागच्या बोळात, तिथे उघडी-नागडी जीप चार महिने ठेवायला जागा नव्हती. शिवाय सकाळच्या बैठकीला येणाऱ्या माणसांना काम दिसलं पाहिजे, हाही पप्पांचा हिशोब असणार. म्हणून मिस्त्रीच आमच्याकडे यायला लागले. सकाळी दोन-तीन तास आमच्याकडे, मग दिवसभर दुकान.

शब्बीर मिस्त्री साठीच्या पुढचे, वाळलेले, डाव्या हाताची करंगळी कधीकाळी पंख्याच्या पट्ट्यात गेलेली. धारूरपासून केजपर्यंत कुणाची गाडी कुठेही बंद पडली तर पहिलं नाव त्यांचं निघायचं. आमच्याकडे डॉक्टरला आणि आचाऱ्याला ‘हात चांगला’ म्हणतात, तसं त्यांना म्हणायचे. शब्बीरचा हात लागलाय म्हटलं की त्या गाडीबद्दल पुढे कुणी विचारत नसे. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. दुकान भाड्याचं, पाने जुने. होतं ते एवढंच, लोकांच्या तोंडातलं नाव. मम्मी त्यांना चहा शेडच्या फळीवर ठेवलेल्या वेगळ्या ग्लासात द्यायची. ते पिऊन झाल्यावर स्वतःच ग्लास विसळून परत फळीवर पालथा घालायचे, आणि ‘वहिनी, चहा फर्मास’ म्हणायचे. मी ते रोज बघायची आणि काही बोलायची नाही. ही गोष्ट मी इथे लिहिते आहे ती कबुलीसारखीच, कारण त्या वर्षी मी जे काही बोलले नाही त्यातली ही पहिली.

रंग खरवडायला काढला तेव्हा घरातली सगळी माणसं शेडमध्ये जमली. वरच्या रंगाखाली दुसरा रंग निघाला, त्याखाली तिसरा. रंग कुठले ते मी लिहीत नाही. पप्पा कधी कुणाच्या प्रचाराला होते हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पप्पा जरा ओशाळले, आणि मिस्त्री पॉलिश कागद फिरवत म्हणाले, “अण्णा, पार तळाला सरकारी रंग हाय बघा. कुठूनबी निघा, यायचं तिथंच.” पप्पा इतके हसले की त्यांना खोकला लागला. तोच राखाडी सरकारी रंग परत द्यायचा, हेही तेव्हाच ठरलं.

मला खिडकीतून बाहेर काढलं ते एका पुस्तकाने. जीपबरोबर आलेलं, तेलाने पिवळं पडलेलं इंग्रजी पुस्तक पप्पांना कपाटात सापडलं आणि त्यांनी मला हाक मारली, वाचून दाखव मिस्त्रीला. मी दारात उभी राहून, जमिनीकडे बघत, एक परिच्छेद वाचला आणि मराठीत सांगितला. मिस्त्रींनी गाडीखालूनच विचारलं, “अजून काय म्हणतंय पुस्तक?” मी पुढचं वाचलं. ते म्हणाले, “शिकल्यालं हाय पुस्तक. आता त्याला म्हणा, तेरा नंबरचा पाना दे.” मी पाना दिला. दुसऱ्या दिवशी ब्रेकची नळी धरली. आठवड्याभरात माझ्या नखांत काळं साचलं, आणि मम्मीने जेवताना माझ्या हातांकडे बघून नुसतंच लिंबाचं साल पुढे सरकवलं. त्या चार महिन्यांत मी ब्रेक बसवले, स्टिअरिंगची सांधेजोड ग्रीस भरून घट्ट केली, कार्बोरेटर सुटा करून परत जोडला. मिस्त्री शिकवतो म्हणून कधी म्हणाले नाहीत. एखादी गोष्ट माझ्यासमोर हळू करायचे आणि दुसऱ्यांदा ती माझ्यासाठी ठेवून द्यायचे. बोलावंही फार लागत नसे. इंजिनपाशी बोलायला माझं मराठी चांगलं की वाईट, हा प्रश्नच नव्हता. त्यांना मी चाचा म्हणायला लागले, ते मला बेटा.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही बोल्ट काढला की त्याच्या खालची वस्तू बाजूला ठेवायची आणि बोल्ट लगेच परत त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. “ज्याचं त्याचं घर,” ते म्हणायचे. “सगळं उलटंपालटं झालं तरी तो चुकणार न्हाई.” त्यामुळे सुटी केलेली जीपसुद्धा अंगभर बोल्ट खोवलेली दिसायची, साळिंदरासारखी. मला ते बघून कसंतरी व्हायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावायचो. मला वाटायचं, चाचांना लिहिता येत नाही म्हणून त्यांनी ही युक्ती काढली असणार. हे वाक्य लिहायला मला आज जड जातंय, पण तेव्हा मी अगदी असाच विचार केला होता, आणि त्यात मला त्यांची थोडी कीवही आली होती.

खंडेनवमीला पंधरा दिवस राहिले असताना ते भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस बीडला गेले. काम थोडंच उरलं होतं. पुढची चाकं ओढणारी जी छोटी गियरपेटी असते, ती तेवढी जोडायची होती. मी ठरवलं, चाचा येईपर्यंत सगळं नीट लावून ठेवायचं. मी पेटीचे सगळे बोल्ट काढले, डिझेलमध्ये घासून चकचकीत केले, आणि पान्याच्या मापाप्रमाणे लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत लावले. प्रत्येक बरणीवर इंग्रजीत चिठ्ठी. दोन दिवस मी इतकी खुशीत होते की मम्मीने विचारलं, कुणाचा फोन आला होता का. चाचा आले, त्यांनी बरण्या बघितल्या, आणि एका चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “परत घरात लावून ठेव. ध्यानात हाय ना, कुठला कुठं?” मी हो म्हटलं. सगळ्यांना एकच पाना लागत होता, सगळ्यांची जाडी एक, सगळ्यांचे आटे एक. मग कुठला कुठे गेला काय, मला वाटलं. मी ते बसवून टाकले.

तो रविवार होता. बैठक लांबली होती आणि पप्पा चार-पाच जणांना घेऊन शेडमध्ये आले होते, जीप दाखवायला. राखाडी रंगावर ऊन पडलं होतं. चाचा गाडीखाली आडवे होते, मी बाजूला पाने घेऊन बसले होते. ते पेटीचे बोल्ट एकेक करून शेवटचे आवळत होते. तीन आवळून झाले. चौथ्याला त्यांनी लांब दांडीचा पाना मागितला, अर्धा फेरा दिला, आणि टच्‌ असा आवाज झाला. सुपारी फुटते तसा. मोठा नव्हता. पण चाचांचा हात जिथल्या तिथे थांबला, आणि मला कळलं की काहीतरी गेलं.

त्यांनी तो बोल्ट सोडवला, बाहेर येऊन बसले, आणि शेजारचा दुसरा बोल्ट काढून दोन्ही तळहातावर एकाशेजारी एक ठेवले. डोकं सारखं, जाडी सारखी. पण एक दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट लांब होता. उथळ भोकात लांब बोल्ट गेला होता. तो तळाला टेकला, तो घट्ट बसतोय असं हाताला वाटलं, आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात बिडाच्या पेटीचा कान, म्हणजे बोल्ट जातो ती बाहेरची कड, तडकला. चाचांनी बोल्टांकडे बघितलं, मग एकदा, एकदाच, माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पप्पांनी विचारलं, काय झालं. चाचा म्हणाले, “पेटीचा कान तुटला, अण्णा. माझ्या हातून गेलं.”

पप्पांबरोबर भगवानकाका होते, त्यांचे जुने मित्र. त्यांना कुठेही काही बोलल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, “मिस्त्री, चष्मा बदला की आता. का हातच बदलायचा?” माणसं हसली. पप्पांना त्या माणसांसमोर लाज वाटली असावी. ते हसले नाहीत. म्हणाले, “लई झालं शब्बीर, आता घरी बसा तुमी. पोरासोरांचं काम हाय हे.” चाचांनी रॉकेलने हात धुतले, प्रत्येक पाना पुसून फडक्यात गुंडाळला आणि पिशवी सायकलला अडकवून गेले. मी तिथेच बसून होते. माझ्या मनात पूर्ण वाक्य तयार होतं, इंग्रजीत. तोंडातून कुठल्याच भाषेत काही निघालं नाही.

खंडेनवमीला ट्रॅक्टर, मोटारसायकल, कोयते, खुरपी, मम्मीचं शिवणयंत्र, सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. जीप शेडमध्ये राहिली. मम्मीने उरलेली फुलं तिच्या बॉनेटवर ठेवली, तर पप्पांनी ती उचलून ट्रॅक्टरवर वाहिली. येसरची आमटी आणि पुरणपोळी झाली होती. मला वाटत होतं, पप्पांचा राग दोन दिवसांत निवळेल, चाचा परत येतील, मी त्यांना एकटीच भेटून माफी मागेन आणि सगळं मिटेल. कुणाला कळायचं कारण नाही.

पण पप्पांसारख्या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द शेडमध्ये राहत नाही. भगवानकाकांनी तो हॉटेलात सांगितला, हॉटेलातून तो बाजारात गेला. दिवाळीचे फटाके आणायला मी स्कूटीवरून गेले तेव्हा बसस्टँडमागून निघाले. त्या बोळात एरवी तीन-चार गाड्या उघड्या बॉनेटने उभ्या असायच्या. आता बोळ रिकामा होता. चाचा दुकानासमोर पालथ्या टायरवर बसले होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्यांचे हात स्वच्छ होते. शेजारच्या पंक्चरवाल्याने मला ओळखलं नाही. मी नुसतं विचारलं, आज गर्दी नाही? तो म्हणाला, “शब्बीरभाईचा हात गेला म्हणत्यात लोक. आडसच्या अण्णांची गाडी फोडली म्हणं. सगळे हायवेच्या गॅरेजला जायलेत.” आडसचे अण्णा म्हणजे माझे पप्पा. आमची शेती आडसच्या रस्त्याला आहे.

मी स्कूटी लावली आणि चाचांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी घरच्यांची चौकशी केली, मम्मीचा गुडघा कसा आहे विचारलं. दुकानात सीताफळांची पाटी होती, त्यातली दोन पिकलेली काढून माझ्या हातात दिली. मी विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं.

“काय सांगायचं?” ते म्हणाले. “हाताखालच्याची चूक उस्तादाची असती. मला बी माझ्या उस्तादानं असंच झाकलं व्हतं. तसंच चालतं हे.”

मग पिकअपची हवा तपासायला कुणी आलं, त्यांच्याकडे नाही, पंक्चरवाल्याकडे, आणि चाचा त्या गाडीकडे बघत राहिले. मी सीताफळं डिकीत टाकून घरी आले. वाटेत दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना धडकत होत्या. एक म्हणजे, त्यांनी मला हाताखालची म्हटलं होतं. अण्णांची मुलगी नाही, पुस्तक वाचणारी नाही, हाताखालची. शाळेत मला इतकी बक्षिसं मिळाली, पण त्यांतल्या कुठल्याही बक्षिसाने मला असा आनंद झाला नव्हता. आणि दुसरी गोष्ट, या नावाची किंमत ते रिकाम्या बोळात बसून देत होते.

पप्पांना एकटं गाठून सांगावं, हे सोपं होतं. मी तसं दोनदा ठरवलं. पण पप्पा ऐकून घेतील, कपाळाला आठी घालतील, ‘बरं’ म्हणतील आणि ती गोष्ट त्या खोलीतच राहील. बाजारात फिरणारा शब्द त्याने परत येणार नव्हता. तो जिथून सुटला होता तिथेच, त्याच माणसांसमोर तो परत घ्यायला हवा होता. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चार महिने एका माणसाशेजारी बसून मी एवढं शिकले होते की बोल्ट ज्या बाजूने गेला त्याच बाजूने बाहेर येतो.

पप्पांची बैठक ओसरीवर, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. त्या दिवशी मम्मीने सुशीला केला होता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचं कूट. ताटल्या न्यायला मी गेले, एरवी मी जात नसे. आठ माणसं होती. भगवानकाका बोलत होते. मी ताटल्या वाटल्या, शेवटची पप्पांना दिली आणि परत न जाता तिथेच उभी राहिले. माझा आवाज कापला नाही. मला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

“पप्पा, पेटी चाचांनी नाही फोडली,” मी म्हटलं. “त्यांनी बोल्ट जागच्या जागी लावून ठेवले होते. ते गावाला गेल्यावर मी सगळे काढले आणि चुकीचे बसवले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून आवळले. चूक माझी होती, आणि ती त्यांना त्याच वेळी कळली होती.”

ओसरीवर चमचे थांबले. भगवानकाकांनीच आधी तोंड उघडलं. म्हणाले, “पोरगी इंग्लिश मीडियमची. बोल्टबी इंग्लिश पायजे व्हता.” एक-दोघं हसले. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, “हो काका. चिठ्ठ्या इंग्रजीतच लावल्या होत्या. तुम्ही हॉटेलात सांगताना तेही सांगा.” यावर जे हसले ते त्यांना हसले. काका ताटलीत बघायला लागले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मजा आली. आयुष्यात पहिल्यांदाच माझं वाक्य वेळेवर आणि मराठीत आलं होतं.

माणसं गेल्यावर पप्पा आत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, “मला एकट्याला सांगायचं व्हतं. चारचौघांत कशापायी बोललीस?”

“तुम्ही चाचांना एकट्यात कुठं बोलला होता?”

पप्पा मग टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडे गेले. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या दुपारी तिने मला भाकरीवर लोण्याचा गोळा दिला, जो ती एरवी पप्पांच्या ताटाला वाढायची.

संध्याकाळी पप्पांनी निरोप धाडला, मिस्त्री, उद्यापासून या. निरोप परत आला तो असा: यायचं नाही. गाडी दुकानावर आणा, तिथं करू. पप्पा भडकले. माझ्या दारात यायला त्याला काय झालं, म्हणाले. रात्री उशिरापर्यंत शेडभोवती फेऱ्या मारल्या. मला मात्र चाचांचं म्हणणं निरोप ऐकताक्षणी कळलं होतं. काम आमच्या शेडमध्ये बिघडलं, पण नाव बाजारात बिघडलं होतं. दुरुस्ती तिथेच व्हायला हवी होती, सगळ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी न बोलता ट्रॅक्टर बाहेर काढला.

ओढून न्यायच्या गाडीत कुणीतरी स्टिअरिंगवर बसावं लागतं. मी बसले. दोर ढिला पडला की ब्रेक हळूच दाबून तो ताणायचा, नाहीतर धक्का बसतो, आणि वळणावर ट्रॅक्टरच्या मागे न जाता जरा बाहेरून जायचं. ब्रेक मी बसवलेले होते, त्यांची पहिली परीक्षा धारूरच्या भर बाजारात झाली. भाजीवाल्या, पानटपरी, मोबाइलची दुकानं, सगळीकडून माणसं बघत होती. अण्णांची पोरगी बंद जीपमध्ये बसून चाललीय. एकाने मोठ्याने विचारलं, “कुठं निघाली वरात?” एरवी मी मान खाली घातली असती. पण खाली घालता येत नव्हती, समोर दोर होता. ती एक सोय झाली. मी समोर बघत राहिले आणि बोळाच्या तोंडापर्यंत एकही धक्का बसू दिला नाही.

चाचांनी मला दुकानाच्या आत नाही, रस्त्याच्या अंगाला बसवलं. तडकलेली पेटी बाजूला ठेवली. तिच्याऐवजी दुसरी त्यांनी बीडच्या भंगार बाजारातून शोधून आणली होती. मग सायकलच्या चाकाची एक आरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, प्रत्येक भोकाची खोली माप, मग बोल्ट बघ. मी आरी भोकात घालायची, बोटाने खूण धरायची, बोल्टाशेजारी लावायची. येणारे-जाणारे थांबायचे. आधी ते मुलगी काय करते ते बघायला थांबायचे, आणि मग विचारायचे, काय झालं व्हतं गं गाडीला? मी सांगायची, मी बोल्ट चुकीचे बसवले होते. पहिल्या दिवशी हे मी दहा-बारा वेळा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी आरी खाली ठेवून, उभी राहून. तिसऱ्या दिवसापर्यंत ते वाक्य इतकं हलकं झालं की मी वर न बघता, आरी भोकात घालून ठेवून सांगायला लागले. चाचा आपल्या कामात असायचे, पण मी सांगत असताना त्यांचा पाना थांबायचा. मला वाटतं, त्यांना ते ऐकायला आवडत नव्हतं, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं.

आज मी ज्या कारखान्यात काम करते तिथे बोल्ट किती आवळायचा ते यंत्र सांगतं, आणि चुकलं तर दिवा लाल होतो. नवी मुलं आली की मी त्यांना यंत्राआधी एकदा हाताने आवळायला लावते. ती कंटाळतात. चूक झाल्यावर ती माझ्याकडे येतात, तेव्हा वरच्या साहेबांना मी आधीच ‘चूक माझी’ म्हणून सांगून मोकळी होते. त्यांना वाटतं, मॅडम चांगल्या आहेत. चांगुलपणाचा यात काही संबंध नाही. ती पद्धत आहे, आणि मला दुसरी येत नाही.

दहाव्या दिवशी जीप चालू झाली. दोनदा खोकली, तिसऱ्या वेळी पकडली, आणि बोळातली कबुतरं उडाली. चाचांनी मला बाजूला बसवून ती किल्ल्याच्या चढापर्यंत नेली, पुढची चाकं जोडून दगडांतून वर घातली, थांबवली, आणि पेटीला कान लावून ऐकलं. मग “चलतंय” म्हणाले. एवढंच.

गाडी न्यायला पप्पा स्वतः येणार होते. ते आले तेव्हा बोळात दोन पिकअप, एक टेम्पो आणि कुणाचीतरी जुनी कार उभी होती. माणसं परत यायला लागली होती, एकदम नाही, पण लागली होती. चाचा टेम्पोखाली आडवे होते आणि मी टेम्पोच्या कडेला उकिडवी बसून त्यांना पाने देत होते. टेम्पो एका केळीवाल्याचा होता, त्याला दुपारच्या आत अंबाजोगाईला जायचं होतं. पप्पांना बघून बाकड्यावरची माणसं उठली. तालुक्यात कुठल्याही दुकानात पप्पा गेले की त्यांचं काम आधी होतं. ते मागत नाहीत, लोकच पुढे करतात. केळीवालासुद्धा म्हणाला, अण्णांचं बघा आधी, माझं होईल मागून.

चाचांनी टेम्पोखालूनच सांगितलं, “अण्णा, बसा. ह्याचं झालं की देतो.”

उठलेली माणसं उभीच राहिली. मी पाना हातात धरून गाडीखालून फक्त पप्पांच्या चपला बघत होते. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पप्पा म्हणाले, “करा निवांत. त्याला लांब जायचंय.”

ते बाकड्यावर बसले. पाऊण तास बसले. चहा आला तो सगळ्यांबरोबर घेतला. मधे कुणीतरी मागून एक मोटारसायकल ढकलत आणली, घाम पुसत विचारलं, मिस्त्री हायती का. पप्पांनी टेम्पोखाली बोट दाखवलं, म्हणाले, “हायती. माझ्यामागं नंबर हाय तुमचा,” आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून बाकड्यावर जरा सरकले.